बर्फाचा डबा आणि ताईचा नवस

मुंबईला पोचलं की ताई मला दारातच एक प्रश्न विचारते. पाणी नंतर, चहा नंतर. "परतीचं तिकीट कधीचं गं?" गेल्या एकोणीस वर्षांत मी पाच वेळा गेले आणि पाचही वेळा तिने हेच विचारलं. मी तारीख सांगते, ती "बरं" म्हणते आणि माझी बॅग आत नेते. मला वाटायचं, बाजार किती दिवसांचा करायचा ते तिला ठरवायचं असणार. यंदा सहाव्या खेपेला त्या प्रश्नामागचं कारण कळलं, आणि ते कळायला मला मासळी बाजारात बर्फ मागायला जावं लागलं.

इथल्या, जर्मनीतल्या आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी मी लिहीन, असं कबूल करून बसले होते. तुमच्यापैकी कित्येक जण वर्षानुवर्षं मुंबईला गेलेले नाहीत. "अजून दोन वर्षं, मग कायमचं परत," हे आपल्या सगळ्यांच्या तोंडी असतं. माझ्याही होतं, म्हणून हे तुमच्यासाठी.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. मी सहा वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून तिनेच मला वाढवलं. बाबा मालवणकडचे, गिरणीत होते. गिरणी बंद पडली तशी ताई गिरगावात एका ब्लाउज शिवणाऱ्या दुकानात लागली आणि तीस वर्षं तिथेच राहिली. तिच्या शिवणाच्या मजुरीवर मी शिकले आणि जर्मनीतल्या या लहानशा विद्यापीठाच्या गावात येऊन पडले. तिने लग्न केलं नाही. का केलं नाही, हे मी कधी विचारलं नाही. न विचारलेल्या गोष्टींची माझी यादी मोठी आहे.

माझं काम होमोसिस्टीनवर चालतं. अन्नातल्या प्रथिनांपासून शरीरात तयार होणारा हा एक लहानसा रेणू. बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व पुरेसं असलं की तो वेळच्या वेळी निकालात निघतो. नसलं की रक्तात साठतो, आणि साठला की दिसेल त्या प्रथिनाला चिकटतो. गेली एकोणीस वर्षं मी हे चिकटणं बघते आहे. आणि मार्च महिन्यात ताईच्या पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली, तिचा रिपोर्ट माझ्या फोनवर आला, त्यात हाच शब्द होता. पुढचा आकडा असायला हवा त्याच्या कितीतरी पट. मी आठ दिवसांची रजा टाकली.

लालबाग, एकोणिसावा मजला

आमची चाळ आता नाही. तिच्या जागी टॉवर झाला आणि ताईला एकोणिसाव्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. खिडकीतून कॉटन ग्रीनच्या गोदामांची छपरं दिसतात आणि त्यापलीकडे पाण्याची एक करडी पट्टी. बाकीच्या मजल्यांवर दारं बंद असतात. ताईने मात्र चपलांचं स्टँड दाराला लावून ते दिवसभर उघडं ठेवायची सोय केली आहे. माझ्या जर्मन शेजाऱ्याच्या घरात काय चाललंय ते मला बारा वर्षांत कळलेलं नाही. इथे अर्ध्या तासात चार जणी येऊन मला बघून गेल्या आणि मी वाळले आहे, असं एकमताने ठरलं.

ताईच खरी वाळली होती. भिंतीला हात लावून चालत होती. चहाचं आधण ठेवून विसरत होती. तरी तिने माझ्यासाठी पापलेटचं कालवण केलं होतं, नेहमीसारखं तिरफळं घालून. मी दोनदा भात घेतला. ती समोर वरणभात घेऊन बसली.

"तू नाही घेत?"

"मला आताशा सोसत नाहीत मासे. तू खा."

हे उत्तरही मी पाच वेळा ऐकलं होतं आणि पाचही वेळा तिच्या वाटणीची तुकडी खाल्ली होती. एक मालवणी बाई मासे सोसत नाहीत म्हणते आणि मी, जिच्या पोटापाण्याचा धंदाच अन्नातून काय मिळतं नि काय नाही हा आहे, ती कालवण ओरपत बसते. चहासुद्धा ती कोराच पिते, दूध तिला लहानपणापासून नको. आता लिहिताना मला माझी लाज वाटते.

जेवण झाल्यावर तिने विचारलं, "ते काय वाढलंय माझं, ते नीट सांग. आणि विंग्रजीत नको."

मी म्हटलं, "ताई, प्रथिन म्हणजे घडी घातलेली साडी समज. घडी नीट असली तरच ती कपाटात बसते. आता एका घडीत कुणाची तरी टिकली चिकटली. पुढची घडी तिरकी पडते, आतली बाजू बाहेर येते, आणि ती शेजारच्या साडीला चिकटते. मग तिसरीला. शेवटी कपाटात एक गोळा होतो. रक्तात तसं झालं की गाठ होते आणि ती लवकर विरघळत नाही. मेंदूत, नसांत झालं की विसरायला होतं, हातपाय बधिर होतात."

"टिकली काढून टाकायची मग."

"निघत नाही. हीच तर पंचाईत आहे. चिकटली ती चिकटली."

"म्हणजे साडी फुकट."

"ती साडी फुकट. पण शरीर रोज नव्या साड्या विणत असतं. नव्या टिकल्या पडायच्या थांबल्या पाहिजेत."

"आत गिरणी चालू आहे म्हण की," ताई म्हणाली आणि कितीतरी वेळ एकटीच हसत राहिली.

बर्फ

त्या रिपोर्टवर माझा विश्वास नव्हता, आणि त्याला शास्त्रीय कारण होतं. होमोसिस्टीनसाठी काढलेलं रक्त लगेच बर्फात ठेवावं लागतं. नाही तर नळीतल्या तांबड्या पेशी होमोसिस्टीन सोडत राहतात आणि आकडा आपोआप चढतो. ताईचं रक्त न्यायला आलेली मुलगी तिथून आणखी दहा घरं फिरत गेली होती, तेही पिशवीत नळ्या घेऊन, मार्चच्या उन्हात. मी मनाशी ठरवूनच टाकलं की आकडा खोटा आहे. ताईला काही झालेलं नाही, असं म्हणायला मला एक पळवाट हवी होती आणि ती मिळाली होती.

ताईच्या फ्रीजचा वरचा कप्पा दोन वर्षांपासून बंद. मी रक्त पुन्हा तपासून घ्यायचं ठरवलं, त्यासाठी नर्स सकाळी आठला येणार होती. इमारतीत चार दारं वाजवून दोन ट्रे मिळाले असते, पण मला भरपूर हवा होता. "बाजारात जा," ताई म्हणाली, "हौसामावशीकडे. माझं नाव सांग." मी स्टीलचा कडीवाला डबा घेऊन निघाले.

हौसामावशी लालबागच्या बाजारात चाळीस वर्षं बसते. तिने मला लांबूनच ओळखलं. "कवा आलीस गो? किती वाळलीस!" बर्फ हवा म्हटल्यावर तिने सुरमईखालून दोन मुठी काढल्या, मग काय वाटलं कोण जाणे, त्या परत टाकल्या आणि पेटीतला स्वच्छ बर्फ फोडून डबा गच्च भरला.

"कशाला एवढा?"

"ताईचं रक्त तपासायचंय. मासेही खात नाही हल्ली. सोसत नाहीत म्हणे तिला."

मावशीने कोयता खाली ठेवला. "कोन बोलला सोसत नाय? तू इमानात बसलीस ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी आली ती माझ्याकडं. बोलली, हौसा, माझ्यासाठी करली ठेवू नको आता. देवीला बोलले मी. बाय कायमची घरी येईपर्यंत मासमच्छी तोंडात घालनार नाय. तेव्हापासून बाजारात पाऊल नाय तिचं. तू आलीस की पापलेट नेते, बस."

मी डबा धरून उभी राहिले. मावशी पुढच्या गिऱ्हाइकाचे बोंबील साफ करायला लागली होती आणि मला ते सगळं पुन्हा एकदा विचारायचं धैर्य झालं नाही. एकोणीस वर्षं. म्हणून ती दारातच तिकीट विचारत होती.

घरी आले. नर्सने रक्त घेतलं. मी नळी बर्फात खोचली आणि टॅक्सी करून परळच्या लॅबमध्ये गेले. आमच्याकडे असे नमुने पांढऱ्या पेटीत, लेबल लावून, सही घेऊन पोचवतात. इथे काउंटरवरच्या बाईंनी डब्याचं झाकण उघडलं, नाकाला रुमाल लावला आणि विचारलं, "मॅडम, ह्यात मासे आहेत का?"

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. आकडा पहिल्यापेक्षा कमी होता, म्हणजे बर्फाबद्दल माझं बरोबर होतं. पण तरीही तो इतका जास्त होता की मी फोन उलटा करून ठेवला. बी-ट्वेल्व्ह जवळजवळ नव्हतंच.

फणसवाडी

ताईचा विश्वास एकाच डॉक्टरवर. ते गिरगावातल्या फणसवाडीत बसतात, दुकानात असताना ती त्यांच्याकडे जायची. आम्ही तिथे गेलो. गल्लीच्या तोंडाशी तिने मला पियुष पाजलं आणि ओठांवर उमटलेली पियुषची मिशी पुसायला स्वतःचा रुमाल दिला. मी पन्नास वर्षांची आहे.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, ताईला डोळे मिटायला सांगितलं आणि तिच्याच पर्समधून काहीतरी काढून तिच्या बोटांत दिलं.

"काय आहे?"

"बटण," ताई म्हणाली.

तो ब्लाउजचा हूक होता. तीस वर्षं तिने हजारो हूक अंधुक उजेडात, न बघता लावले. तिने डोळे उघडले, हुकाकडे बघितलं आणि तो गुपचूप पर्समध्ये परत टाकला.

"मी गेल्या वर्षी इंजेक्शनं लिहून दिली होती," डॉक्टर म्हणाले. "घेतली का?"

ताई पर्स उचलून उठली.

घरी येऊन मी फ्रीज उघडला. लोणच्याच्या बरणीमागे खोका होता, आत सगळी इंजेक्शनं जशीच्या तशी, लालचुटुक.

"ताई, हे काय?"

"कलेजीपासनं करतात ते. समोरच्या वहिनी बोलल्या. रंग बघ ना, रक्ताचाच आहे."

"अगं, टाक्यांमध्ये जंतू वाढवतात आणि त्यांच्यापासून काढतात. या जीवनसत्त्वाचा रंगच लाल असतो. बकऱ्याचा काही संबंध नाही!"

"जंतू म्हणजे जीवच की."

"दह्यात पण असतात जंतू!"

"दही पण मी कुठे खाते?" ती म्हणाली. ते खरं होतं.

मग माझा आवाज चढला. माझ्या स्वभावात ते आहे, प्रयोगशाळेतली पोरं मला घाबरतात. मी म्हटलं, "मला माहीत आहे तू काय बोललीस देवीला. हौसामावशीने सांगितलं." ताईने ओट्यावरचा तांब्या उचलला, पुसला, पुन्हा ठेवला. "सांगायला नको होतं तिने," एवढंच म्हणाली. मग, माझ्याकडे न बघता: "दोन वर्षांचाच तर प्रश्न होता. तूच बोललेलीस."

मी तेव्हा तसं म्हणाले होते. पुढच्या प्रत्येक खेपेला म्हणाले. फोनवर म्हणाले. तिने ते धरून ठेवलं होतं.

माटुंगा

सहाव्या दिवशी सकाळी मी तिला माटुंग्याला इडली खायला घेऊन गेले. घरात बोलणं शक्य नव्हतं, दार उघडं असतं. उडुपी हॉटेलात टेबल मिळालं, पण माटुंग्याची पद्धत तुम्हाला आठवत असेल: तुमच्या खुर्चीमागे पुढचं कुटुंब उभंच असतं आणि तुमच्या सांबाराची पातळी मोजत असतं. आमच्या मागे आजी, सून आणि दोन मुलं होती. जे सांगायचं ते कॉफी संपायच्या आत सांगणं भाग होतं. कदाचित म्हणूनच सांगू शकले.

"ताई, मी परत येणार नाही."

"कधी? पुढच्या वर्षी?"

"कायमची येणार नाही. कधीच. मला हे बरीच वर्षं माहीत आहे. माझं काम तिथे आहे, घर तिथे आहे. मी तुला दोन वर्षं, दोन वर्षं म्हणत राहिले कारण खरं सांगायची हिंमत नव्हती."

ताईने कॉफी वाटीतून पेल्यात ओतली, पेल्यातून वाटीत. बोटांना कळत नसल्यामुळे थोडी टेबलावर सांडली.

"येवढं सांगायला एकोणीस वर्षं लावलीस?"

"हो."

"मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय. दुसरं काहीतरी बोलायला हवं होतं देवीला." तिचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचा होता. "आधी सांगितलं असतंस तर मी मोकळी झाले नसते का, बाये? आणि तूही."

मला तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडायचं होतं. मागच्या आजींनी विचारलं, "झालं का तुमचं?" आम्ही उठलो.

दादर, आणि पुन्हा लालबाग

सातव्या दिवशी पहाटे ताईने मला दादरच्या फुलबाजारात पाठवलं. नारळ, लाल जास्वंद, अबोलीचा गजरा. "गाऱ्हाणं घालायचंय," ती म्हणाली.

ज्यांचं गाव कोकणात नाही त्यांच्यासाठी सांगते. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून, मोठ्याने, सगळ्यांच्या देखत आपली अडचण मांडायची. एकाने बोलायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून होकार भरायचा. गावात हे पुरुष करतात. आमच्या घरात बाबा गेल्यापासून ताई करते. बाकीचे म्हणजे मी एकटीच.

देव्हाऱ्यात गावच्या सातेरीदेवीची तसबीर आहे. ताईने नारळ ठेवला, भिंतीला धरून सरळ उभी राहिली आणि गावच्या बोलीत सुरू केलं.

"आई सातेरी, म्हाराजा! तुझी लेकरा आज तुझ्या पायाशी गाराणा घालतत."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

"ही माझी धाकटी बाय परमुलखात ऱ्हवता."

"व्हय म्हाराजा."

"ती आता कायमची घराक येवची नाय."

ताई थांबली. आता होकार मी भरायचा होता. माटुंग्याला मी हेच वाक्य स्वतः बोलले होते, पण ते बोलणं वेगळं आणि देवीसमोर त्याला हो म्हणणं वेगळं. त्या क्षणी मला इथेच राहायचं होतं, याच एकोणिसाव्या मजल्यावर, उघड्या दाराच्या घरात. तेव्हा जेवढी ओढ वाटली तेवढी जर्मनीतल्या सगळ्या वर्षांत वाटली नव्हती. ताई मागे वळली नाही. वाट बघत उभी राहिली.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

"मी तुका जा काय बोललंय, ता तू आता माफ कर. तिका थयच सुखात ठेव."

"व्हय म्हाराजा."

नारळ मी फोडला. ती प्रसाद वाटायला समोरच्या वहिनींकडे गेली आणि परत येताना म्हणाली, "नर्सला बोलव. ती लाल इंजेक्शनं एकदाची संपव."

त्याला आता सहा आठवडे झाले. ती इंजेक्शनं घेते आहे. कालच फोनवर म्हणाली, जिन्यावर तोल जात नाही. आकडा झपाट्याने उतरला आहे. डॉक्टरांनी मला आधीच बजावलं होतं की नसांचं जे नुकसान जुनं आहे ते सगळं भरून निघेलच असं नाही, आणि हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी इथे माझ्या टेबलाशी बसून नळ्यांत गोळा झालेली प्रथिनं बघते आणि त्यांच्याकडे पूर्वीसारखं बघता येत नाही.

पण मला शेवटची दुपार सांगायची आहे. निघायच्या दिवशी ताई स्वतः माझ्यासोबत बाजारात आली, काठी घेऊन. हौसामावशी तिला बघून उभीच राहिली. मी पापलेट दाखवलं.

"ते हिला दे," ताई म्हणाली. "मला करली."

करलीला जितके काटे तितके दुसऱ्या कुठल्या माशाला क्वचितच असतील, केसासारखे, दुहेरी. लहानपणी ताई माझ्या ताटातली करली स्वतःच्या बोटांनी चाचपून, एकेक काटा काढून, मग मला भरवायची. आई गेल्यावर कितीतरी वर्षं. मी काट्यांकडे कधी बघितलंच नाही, मला फक्त मऊ मासा माहीत होता.

एकोणीस वर्षांनी तिने पहिली तुकडी ताटात घेतली. अंगठा आणि बोट लावून चाचपलं. पुन्हा चाचपलं. मग हात तसाच ताटावर ठेवून माझ्याकडे बघितलं.

"काय गं?"

"काटा लागत नाही बोटांना."

मी तिचं ताट माझ्यापुढे ओढलं. करली मोडली आणि काटे काढायला लागले. मला सवय नव्हती, दोन माझ्याच बोटात घुसले. एक घास तयार झाला तो तिला भरवला. तिने डोळे मिटून खाल्ला.

"गाडी किती वाजता बोलावलीस?"

"सहाला."

"मग सावकाश काढ," ताई म्हणाली आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.